गँगवे

मागच्या बाजूला, पंख्याच्या वर, पांढऱ्या रंगात गाव लिहिलंय: मोनरोव्हिया.
या जहाजानं मोनरोव्हिया कधी पाहिलेलं नाही.
मालक पिरिअसचा, कर्ज हॅम्बुर्गच्या बँकेचं,
पोटात कॅनडाचा वाटाणा,
आणि खलाशी, जिथे जिथे हप्ते थकलेत
तिथून तिथून वेचलेले.

भाऊच्या धक्क्यावरून लाँच. मग शिडी.
माझ्या गुडघ्याची भरपाई
युनियनच्या कुठल्याच करारात नाही.

कप्तान शिक्के मारलेली वही पुढे करतो.
मी आधी फ्रीझर उघडतो.
अर्धा कोबी, माशाचं एक डोकं, बर्फ.

मुजफ्फर परकार, ऑइलर, हर्णैचा,
मला बघून मराठीत सुरू होतो तो थांबतच नाही.
सात महिने पगार नाही.
बायको दुकानदाराला सांगते, जहाज अजून पाण्यात आहे.
"आहेच की पाण्यात," तो म्हणतो,
"रात्री कुलाब्याचे दिवे मोजतो."
इलोइलोचा रोडेल भात पातळ करत करत
पेजेवर आलाय.
'पेज' हा शब्द त्याला परकारनं दिला.

रात्री हॅम्बुर्गला फोन, तिथल्या युनियनच्या हाइड्रूनला.
ती म्हणते, बँकेच्या मंडळावर आमचा माणूस बसतो, उद्या बोलते.
हवापाणी सांगावं तसं म्हणते.
मी विचारतो, बसून करतो काय तो?
"ऐकतो. भांडतो.
कधी कधी मालकाचंच बरोबर निघतं."
हे वाक्य मला सकाळपर्यंत पचलं नाही.

मग मालकाचाच फोन:
भाडं पडलंय, मी बुडालो तर यांना देणार कोण?
तेही खरंच होतं, म्हणून जास्त राग आला.
मशीद बंदरचा व्यापारी वाटाण्यासाठी बोंबलत होता.
शेवटी बँक, व्यापारी, हाइड्रून आणि तो वाटाणा,
सगळ्यांनी मिळून ढकललं.
नवव्या दिवशी सातपैकी पाच महिने आले,
उरलेले दोन रॉटरडॅमला, कागदावर.
मी सही केली. परकारनं केली.
जिंदाबाद कुणी म्हटलं नाही.
रोडेलनं पाच मिनिटं माझा फोन मागितला
आणि चाळीस मिनिटांनी परत दिला.

बॅलार्ड इस्टेटला ऑफिसात परतलो, अहवाल लिहीत बसलो.
इंदुमती भुवड फरशी पुसत होत्या, अकरा वर्षं पुसतायत.
"बोटीवरच्यांना आजारपणाची रजा भरपगारी असते का हो?"
असते, मी म्हटलं.
"बरंय."
त्यांनी फडकं पिळलं.
त्यांचा पगार व्हाउचरवर होतो,
वर आमचंच नाव, आमचंच बोधचिन्ह,
हातात हात.

सोमवारी कार्यकारिणी. विषयपत्रिकेत आठ विषय.
मी पेनानं नववा लिहिला.
माझ्याच अक्षरात तो फार बारीक दिसला,
म्हणून खोडून
पुन्हा लिहिला, सगळ्यात वर.