प्रभाव

वृद्ध कलावंताच्या मानधनाचा अर्ज मी भरत होते.
नाव : सुकरू दाजीबा कुमरे. कला : नाटकाचे पडदे रंगवणे.
पुढचा रकाना, दीड ओळीचा : कलेवरील प्रभाव.
काका, तुमच्यावर प्रभाव कुणाचा?
म्हातारा खुर्चीत सावरून बसला,
पंगतीत पान वाढल्यासारखा.

‘लिव. फुलाबाई, माही मावशी.
भिंतीवर बोटानं पिवळी माती ओढे.
मोर काढे, त्याले डोळा शेवटी.
म्हने, आंधी डोळा देल्ला तं उडून जाते.

मंग रशीद पेंटर, पवनीचा.
चार साल त्याचे कुंचले धुतलो.
पाचव्या साली म्हने, आता आभाळ भर.
निस्तं आभाळ. दोन साल.
ढगाले हात लावू देल्ला नाही.’

रकाना भरला. मी समासात शिरले.

‘राजवाडा मी पाह्यलो नाही कधी.
खांब उचलले राइसमिलचे,
कमानी बिस्किटाच्या डब्यावरून,
झुंबर म्हन्जे मोहाचा घोस.
बावीस साल, मंडईमागून मंडई,
त्या दरबारापुढं राजे मेले
अन् पब्लिक पहाटपावतर रडे.
जंगल मात्र कोठून आनाव लागलं नाही.’

पुरस्कार? रेघ मारली.

सध्याचं काम?
काका खिडकीबाहेर बघू लागले.
मला ठाऊक होतं. आता मागे फ्लेक्स असतो,
आणि तो दरबार लांजेवारांच्या राइसमिलमध्ये,
ज्या खांबांवरून काढला त्याच खांबांखाली,
धानाच्या ढिगावर टाकलेला.
मी पाहिलाय. सिंहासनाला पोट आलंय.
कमानीवर कोंबडी बसते.
एका कोपऱ्यात मंडळाचं नाव आहे, ठळक.
पेंटरचं नाही.

इथे सही करा, म्हटलं.
पेन हातात घेऊन काका थबकले.
अर्जावर डकवलेला स्वतःचा फोटो
त्यांनी डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला.
चेहऱ्याकडे पाहिलंच नाही.
मागच्या निळ्या पडद्यावर नख टेकवून म्हणाले,
‘हे कोनं भरलं?
आभाळ खाली उतरताना फिक्कं व्हाले पायजे.
हे तं वरपासून खालवर
एकच हाय.’