नोंद क्रमांक आठशे सत्तेचाळीस

खाली हळदीची वखार, वर चित्रं.
हरिपूर रस्त्याचा तो लाकडी जिना चढताना
आधी शिंक येते,
मग मडमीण दिसते.
हातात मिटलेला पंखा, नजर दाराकडे,
कोण कडमडलं ते बघितल्यासारखी.
नोंदवहीत ती 'अनोळखी युरोपियन स्त्री, तैलरंग'.
सांगलीत विचाराल तर 'मडमिणीची माडी' विचारा.
संग्रहालय हा शब्द फक्त पाटीवर आहे
आणि माझ्या पगाराच्या पावतीवर.

ती आली बेचाळीस पोत्यांच्या बदल्यात.
मुंबईचा गोरा दलाल बुडाला,
पैशाऐवजी त्यानं भिंतीवरची बाई उतरवून दिली.
चन्नाप्पा शेट तिला मालगाडीतून घेऊन आले
आणि शेटाणी तीन दिवस जेवल्या नाहीत.
म्हणून वखारीवर ही माडी.
संगमरवरी पाटीवर कोरलंय 'कलेच्या प्रसारार्थ'.
शेटाणींचं नाव कुठेच नाही,
खरं तर संस्थापक त्याच.

मग येत गेलं एकेक:
मिरजेच्या सतारवाल्यानं दिलेला भोपळा,
वेलबुट्टी पुरी, तार एकही नाही.
एक पट, ज्यात नंदी हसतो
आणि शंकराला ते माहीत नाही.
ड्रॉइंग मास्तर बाबालाल मुजावर यांची
एकशे अकरा जलरंगचित्रं,
सगळ्यांत तोच घाट, तीच सकाळ,
पाणी तेवढं निराळं.
कंटाळा नाही येत? कुणी विचारलं होतं म्हणे.
म्हणाले, अजून जमलं नाही.

सगळ्यांवर पिवळी झाक.
पुण्याचे तज्ज्ञ म्हणाले, जुनं व्हार्निश.
पायगोंडा शिपाई म्हणाला, हळद.
मडमिणीच्या चौकटीवरून बोट फिरवून
त्यानं ते चाटून दाखवलं.
अहवालात हा प्रयोग आलेला नाही.

आणि मग तो ऑगस्ट.
पाणी वखारीत शिरलं, आम्ही वर.
नवव्या पायरीला लागलं, आम्ही वर.
मग वर म्हणायला काही राहिलं नाही.
पायगोंडानं मडमिणीला डोक्यावर घेतलं,
मी नोंदवही पदरात बांधली,
मास्तरांचे घाट हाताला लागले तेवढे.
नावाडी ओरडला, आधी माणसं!
पायगोंडा म्हणाला, ही माणूसच हाय की.

एकशे अकरातले चौसष्ट वाचले.
बाकीचे जिचे होते तिनं नेले.

दहा दिवसांनी कुलूप काढलं.
भोपळा तरंगून खुंटीवर अडकला होता.
आणि चारी भिंतींवर, छातीएवढी उंच,
एक रेघ. पिवळीजर्द.
खालची अख्खी वखार
पाण्यात विरघळून माडी बघायला आली होती.

रंगारी चुन्याची बादली घेऊन आला
तर पायगोंडा भिंतीला पाठ लावून, हात पसरून उभा.
बोलेना. हलेना.
मग माझ्याकडून नोंदवही मागून घेतली.
पगाराची सही करताना ज्याला घाम फुटतो
त्यानं लिहिलं, वेडंवाकडं, ओळ सोडून:
८४७. रेघ. हळद, पाणी. भिंतीवर.
चित्रकार: कृष्णा.

ऑडिटर दर वर्षी पेन्सिलीनं खूण करतो.
'कसे प्राप्त झाले' हा रकाना कोरा का?
देणगी की खरेदी?
दर वर्षी मी म्हणते, चौकशी चालू आहे.

शाळांच्या सहली येतात.
पोरं मडमिणीला बघून फिदीफिदी हसतात,
नंदीजवळ थोडी थांबतात,
मग रेघेशी पाठ लावून उंची मोजतात.
पायगोंडा आता रिटायर, तरी खुर्ची टाकून बसतो,
'हात लावू नका' ओरडतो.
पाठीचं त्याला कुणी सांगितलेलं नाही.

पांढऱ्या सदऱ्यांवर पिवळे पट्टे घेऊन
पोरं घरी जातात.
त्यांच्या आया आम्हाला शिव्या घालतात,
डाग जात नाही म्हणून.
रेघ मात्र फिकी होत चाललीय.