मु. पो.

एकोणतीस वर्षं शिक्के मारले परतवाड्याच्या पोस्टात.
मु. पो. अमुक, मु. पो. तमुक.
पोस्ट कोणतं ते बघायचं आणि पाकीट पुढं.
मुक्कामाशी आपलं काही काम नसायचं.

रिटायर झाले आणि चालायला लागले.
आधी बिच्छनच्या पुलापर्यंत,
मग वझ्झरच्या फाट्यापर्यंत,
एका रविवारी थेट धामणगाव गढी, चिवड्याची पुडी घेऊन.
कुठंही असले तरी चार वाजले
की पाय आपसूक वळायचे,
गोठ्याकडं बैल वळावा तसे.
डोंगर समोर, निळा, हात लावावा इतका,
आणि मी त्याला पाठ दाखवून घरी.
वीस किलोमीटर चालले म्हणून सांगायचं,
पाहिलेले असायचे दहाच.
गावाच्या नावातच परत, तर माझा काय दोष?

खंडारे सिस्टर म्हणाल्या,
"पल्याड काय हाये ते पाहाचं असंन,
तं तठीसा झोपा लागते, बाई."

भाचीची कॉलेजची सॅक काढली, आठ किलो ज्वारी भरली,
महिनाभर ती पाठीवर घेऊन गावाबाहेर चकरा.
चक्कीवाला मुनाफ रोज ओरडायचा,
"बाई, चक्की मागंच राहिली नं!"
महिना संपला तेव्हा त्याच्याकडंच दळली ती ज्वारी.
त्याच पिठाच्या भाकरी बांधल्या.
निघायच्या आदल्या रात्री सिस्टरनं सॅक पलंगावर ओतली:
दुसरी साडी, उशी, स्टीलचा डबा, स्तोत्रांचं पुस्तक.
हे काहून? हे काहून?
पावडरचा डबा तेवढा राहू दिला.

जुनी बैलवाट. दगड सुटलेले.
सिस्टर पुढं, वळून न पाहणाऱ्या.
आणि एका सागाखाली पाय थांबले.
घड्याळ मी पाहिलंच नव्हतं. पाहिलं. चार.
पायांशी बोलणं बरं दिसत नाही,
तरी दोन मिनिटं बोलले असेन.
मग उजवा उचलला.

साडेचारचा डोंगर मी कधी पाहिला नव्हता.
पाचचा नाही. सहाचा तर नाहीच.
तो निळा नसतोच.
वांगी असतो, मग राखेसारखा,
मग आपणच त्यात असतो आणि तो दिसत नाही.

फुलकीबाई भुसूम हरभरा राखत होती,
डुकरांसाठी काठी अन् एक पत्र्याचा डबा.
तिच्या मचाणाखाली सतरंजी टाकली.
"घरी भांडन झालं काय?"
नाही.
"मंग?"
सिस्टरनं माझ्याकडं पाहिलं, मी सिस्टरकडं.
फुलकीबाईनं डबा वाजवला,
आमच्यावर का डुकरांवर, कळलं नाही.

रात्री सागाचं वाळलं पान पडतं
ते माणसाच्या पावलासारखं.
पहिल्या दहा पावलांना मी उठून बसले.
नंतर मोजणं सुटलं.
दोनला उठावं लागलं, साठीत उठावंच लागतं.
टॉर्च विझवली आणि उभी राहिले थंडीत.
खाली, फार खाली, सांडलेल्या दुधासारखा उजेड:
परतवाडा.
त्यात एक अंधारलेलं घर माझं असणार,
कुलपासकट.
कोणतं ते ओळखता येईना.
मला वाटलं होतं वाईट वाटेल.

सकाळी गुडघे लाकडाचे. चहा बिनदुधाचा.
वहीत तारीख घातली, खाली सवयीनं लिहिलं मु.,
आणि फुलकीबाईला विचारलं, या जागेचं नाव काय?
"नाव कायले लागते? वावर हाये."

मु. वावर, लिहिलं.
पो. पुढची जागा कोरी.

तिनं दिलेले हरभऱ्याचे डहाळे सॅकला खोचले,
भाकरीनं कमी केलेलं वजन पुन्हा तेवढंच.
वाट मचाणाच्या मागून वर जात होती.
चार वाजायला अजून नऊ तास होते.