काटा हलला पाहिजे

बेंडकुळे, आधी वरचं कुलूप.
थांब. त्याच्याही आधी मीटर चालू कर,
बॅटरी बघ. मग कुलूप.
एवढं मी तुला रोज सांगणार, वैताग आला तरी.

अंबडच्या या शेडमागे, शेजारचा कारखाना
रात्रभर बोल्ट ठोकत असतो तिथे,
जमिनीत दोन हात खड्डा,
खड्ड्यात शिशाची पेटी, पेटीत कॅमेरा,
कॅमेऱ्याच्या पोटात तांदळाच्या कणीएवढं इरिडियम.
कणीच ती,
पण राखण लागते मोकाट बैलासारखी.

समुद्रात खड्डा कुठून आणणार?
तिथे पेटी मागच्या डेकवर असायची,
माणसं झोपतात तिथून नेता येईल तितकी लांब,
स्फोटकांच्या कपाटापासून लांब,
डेकला वेल्ड केलेल्या कड्यांना साखळदंडाने जखडलेली.
आणि तिला बांधलेला एक नारिंगी बोया,
साठ वाव दोर गुंडाळून.
बार्ज बुडालीच तर पेटी तळाला जाईल, बोया वर येईल,
शोधणाऱ्याला कळेल खाली काय आहे.
आमच्यासाठी असा बोया नव्हता.
कुणी विचारलंही नाही.

वसईचा संतान घोन्साल्विस, भटारखान्यातला,
एका दुपारी त्या पेटीवर बसून लसूण सोलत होता.
सावलीची जागा तेवढीच.
‘रिकामी आहे ना, साहेब?’
मी ओरडलो. मग समजावलं,
आत शिसं आहे, घटकाभर बसल्याने मरणार नाहीस,
पण सवय लागायला नको.
त्याने फक्त ओरडणं ऐकलं.
तीन आठवडे माझं ताट
टेबलाच्या टोकाला ठेवून हात मागे घ्यायचा.
तो लसूण मात्र फेकला नाही. सगळ्यांनी खाल्ला.

मग एक रात्र आली, तिचं वर्णन मी करत नाही.
पहाटे डेकवर सरपटत गेलो.
रेलिंग वाकलेलं, दोन पिंपं गायब,
कुलपांवर मिठाचा थर.
मीटर पेटीला लावलं
आणि काटा हलला. थोडासा. रोजच्याइतकाच.
जीव भांड्यात पडणं म्हणजे काय
ते मला त्या भांड्यापाशी कळलं.
काटा पडून राहिला, की घाबरायचं, बेंडकुळे.
संतान दारात उभा होता. ‘आहे?’
‘आहे.’
त्याने चहा दिला. हातात.

त्याच आठवड्यात वडील गेले.
हेलिकॉप्टर, मग एसटी,
दहाव्याला कसाबसा रामकुंडावर पोचलो.
गुरुजी म्हणाले, इथे अस्थी विरघळतात.
मनात आलं, असं एखादं कुंड आमच्या मालाला असतं तर.
पण तो विरघळत नाही. आपल्या हिशेबाने मरतो,
चौऱ्याहत्तर दिवसांत अर्धा,
पुढच्या चौऱ्याहत्तरांत उरल्याचा अर्धा,
आणि तोवर कुणीतरी जागं लागतं.
तारीख, वेळ, सही.

आता तू विचारतेस,
दिंडोरीच्या बॉयलरचे सांधे तपासायला निघालो
की गंगेच्या पुलाआधी जीप थांबवून
कॅमेऱ्याला मी नारिंगी दोरी का बांधतो?
पुलाखाली पाणी गुडघाभर. मला ठाऊक आहे.
हसू नकोस.
बरं, हस.

आणि एक गंमत. समुद्रात, पेटीपासून लांब,
मीटर जवळजवळ गप्प असायचं. खाली नुसतं पाणी.
घरी आल्यावर सिडकोतल्या गच्चीत सहज चालू केलं,
तर टिक. टिक. जरा जास्तच टिक.
दगड, माती, विटा, सगळं थोडंथोडं बोलत होतं.
बायको म्हणाली, बिघडलंय का?
म्हटलं, नाही गं. जमिनीवर आलोय.

चल. किती दाखवतंय?
कालच्याइतकंच? तरी लिही.
आता झाकण. खालचं कुलूप तुझं,
वरच्याची किल्ली मार्चअखेर देईन,
तोवर माझ्या कमरेला राहू दे.
ओढून बघ.
परत ओढ.