परतताना

पहिला नंबर द्या, खैरनार म्हणाले,
दुपारचा नको.
अठ्ठावीस वर्षं शीटा तपासल्या मी, नाशिकरोडला, प्रेसमध्ये.
डबा खाल्ल्यावर डोळा उघडा असतो, सिस्टर,
पण तो घरी गेलेला असतो.

मी हसले. मग थांबले.
आमचा साडेतीनचा एक पेशंट आठवला, सिन्नरचा.
त्याला आम्ही ‘सर्व स्वच्छ’ लिहून दिलं होतं,
आणि वीस महिन्यांनी तो
दुसऱ्याच मजल्यावर दाखल झाला.

खैरनारांनी औषध सांगितलं तसं घेतलं:
अर्धं रात्री, अर्धं पहाटे चारला,
जेल रोडवर दूधवाल्याची गाडीही सुरू झाली नव्हती तेव्हा.
किती वेळा गेलो, कोणत्या रंगाचं,
सगळं पाठकोऱ्या कागदावर, पेन्सिलीने.
शेवटची ओळ: ‘नुसतं पाणी. फिकट पिवळं.
पलीकडचं वाचता येईल इतकं.’
शिरोडे सरांनी तो कागद फाइलला लावून घेतला.

भूल नको म्हणाले. बघू द्या.

शिरताना आपण नुसती वाट काढत असतो.
वळण, कोपरा, पोटावर माझा तळहात,
कुशीवर व्हा, श्वास घ्या, झालंच.
टोकाला पोचलं की घड्याळ लावायचं.
बघायचं ते परतताना.

‘निदान सहा मिनिटं’, असं भिंतीवर चिकटवलंय,
माझ्याच अक्षरात.
कधी चिकटवलं ते कुणी विचारलं नाही.

यंदा नवं यंत्र आलंय.
काही दिसलं की हिरवी चौकट काढतं.
बुडबुड्यावर काढतं.
तीन दिवस बजावूनही कुणी खाल्लेल्या
डाळिंबाच्या बीवर काढतं.
समोर आहे त्यावर काढतं.
घडीमागचं त्याला कोण दाखवणार?
घडी हातानेच सारावी लागते,
एकेक, न कंटाळता.

‘तुमच्यात चूक कोण दाखवतं?’
पडद्यावरून नजर न काढता खैरनार.
डॉक्टर, मी म्हटलं.
‘एकटेच?
आमच्यात दुसरा बसायचा शेजारी.
त्याला पगार गप्प न बसण्याचा.’

अकरा वर्षं मी त्या पडद्याशेजारी उभी आहे.
फास द्यायचा, बाटली धरायची, लेबल लावायचं.
दिसलेलं बोलायचं, हे कुठे लिहिलेलं नाही.

उजव्या बाजूला सर दुसऱ्यांदा गेले.
चौकट नाही.
घडीच्या पाठीवर जरासं मळभ,
निवलेल्या दुधावर धरते तशी साय.
बारीक शिरांचं जाळं सगळीकडे,
तेवढ्याच जागी पुसलेलं का?
सर पुढे सरकले.

‘थांबा.’

माझाच आवाज.
मागे घ्या, सर. अजून. तिथे धुवा.
पाण्याची धार. साय सुटली.
खाली ते. बसकं, फिकं, कडा कुठे संपते कळेना असं.
नऊ मिलिमीटर.
चौकट तेव्हा आली, हिरवीगार,
जणू तिनेच शोधलं.

सर काही बोलले नाहीत.
खालून पाणी भरून ते उचललं, फास टाकला, ओढला.
मी बाटलीवर नाव लिहिलं. एकदा चुकलं, परत लिहिलं.
अकरा मिनिटं, घड्याळ म्हणालं.

फोटो खैरनारांनी खिडकीपाशी नेला,
गंगापूर रोडच्या उजेडाविरुद्ध धरला,
सवयीनेच,
आत वॉटरमार्क असावा तसा.
बराच वेळ.
मग म्हणाले, शाई ओली होती अजून.

दुसऱ्या दिवशी आले तर
पडदा जरा फिरवलेला,
माझ्या जागेवरून सरळ दिसेल असा.
कुणी फिरवला, मी विचारलं नाही.

साडेतीनला पुढचे.
मी डबा अर्धाच खाल्ला,
तोंडावर गार पाणी मारलं,
आणि घड्याळाला चावी नसते तरी
हात लावून पाहिला.