हरलेल्या बाजूचं गिऱ्हाईक

थंडर बे. फेब्रुवारी. बाहेर उणे एकतीस.
युद्ध संपल्याची बातमी मंगळवारी आली
आणि मॅनेजरनं माझ्या हातात लेबलांचं यंत्र दिलं.
समुद्रापलीकडे कुणीतरी एक कागद वाचून दाखवला होता,
एवढंच.
इथं मी लाल डब्यांवर पिवळं चिकटवत राहिलो:
चाळीसचे पंधरा, पंधराचे सहा,
शनिवारी सहाचे दोन.

निळे डबे मधल्या रांगेत आले, चांगल्या उजेडात.
लाल गेले मागे,
काचेवरचा बर्फ खरवडायच्या पट्ट्यांशेजारी.

पावत्या फडकवत लोक आले.
मिसेस कोझाकनं यंत्र काउंटरवर आपटलं,
तीन आठवडे! फक्त तीन आठवडे!
तिचं खरं होतं.
डिसेंबरात मीच सगळ्यांना सांगत होतो,
हे टिकणार, डोळे झाकून घ्या.
एकेक सुरकुती दाखवणारं यंत्र,
आणि मी म्हणत होतो डोळे झाकून घ्या.

रेइयो हाकाला दारातून आत येताना दिसला
तेव्हा मी फ्रीजांच्या आड गेलो.
चाळीस वर्षं धान्याच्या कोठारात काढलेला माणूस,
नाताळाआधी चारशे डॉलर मोजून गेलेला,
नोटा दोनदा मोजून.
त्यानं मला शोधून काढलं.
हातमोजा दातांनी ओढून काढला आणि विचारलं,
"तसलंच अजून एक आहे?"

मला वाटलं, बिचाऱ्याला कळलेलंच नाही.
सांगितलं, हे हरलंय, मिस्टर हाकाला.
नवे सिनेमे यात निघणार नाहीत.
पैसे परत देता येत नाहीत, पण
निळ्यावर थोडी सूट मिळवून देईन.
"रेडिओवर ऐकलं," तो म्हणाला.
"म्हणून तर आलो."

मग लाल डबे एकेक करून उलटे करत, चष्मा कपाळावर,
जणू बटाटे निवडतोय असं बोलत राहिला:
तळघरात बीटाची एक टेप आहे.
चौऱ्याऐंशीची. वर आइलीच्या अक्षरात
"जुलै, तळ्यावर".
यंत्र एक्क्याण्णवला मेलं.
दुरुस्तीवाल्यानं खांदे उडवले, सुटे भाग येत नाहीत.
"टेप चांगली आहे," तो म्हणाला.
"टेपला काहीही झालेलं नाही."

अकरा डबे घेतले. देवमाशांचा एक,
कोर्टाचा एक, नाचाचे तीन,
बाकीचे का, ते त्याचं त्यालाच ठाऊक.
आणि दुसरं यंत्र, एकोणपन्नास डॉलर.
पैसे मोजताना थांबला. दोन्ही मिळून
वीस वर्षं निघतील?
जुनं वाक्य जिभेवर आलं होतं.
"माहीत नाही," मी म्हणालो.
त्यानं मान डोलावली. कुणी भाव बरोबर सांगितल्यावर
डोलवावी तशी.

मी स्वतः निळं घेतलं, कामगारांच्या सवलतीत.
ते कपाटात गेलं, मग तळघरात, मग कुठं कोण जाणे.
आता सगळं तारेतून येतं.
विकत घेतलेला एक सिनेमा परवा यादीतून नाहीसा झाला.
कंपनीला पत्र लिहिलं.
उत्तर फार नम्र होतं.

गेल्या मे महिन्यात अल्गोमा स्ट्रीटवर
त्याची मुलगी अंगणात सामान मांडून बसली होती.
स्कीज, कॉफीची किटली, सौनातली बादली,
आणि बटणावरचं अक्षर पुसून गेलेलं यंत्र.
शेजारी दुसरं, खोक्याची चिकटपट्टीही न सुटलेली,
त्यावर माझं पिवळं लेबल, माझाच वाकडा आकडा.
टेपचं विचारलं.
ती त्यांच्याबरोबरच ठेवली, ती म्हणाली,
कोटाच्या खिशात.

पाच डॉलरला सगळं घेतलं. लाल डब्यांसकट.
रात्री देवमासे लावले.
पाण्यातून वर आलेल्या त्या पाठीवरचा
एकेक ओरखडा दिसतो.
दुसरं यंत्र अजून खोक्यातच आहे.
पहिलं काही बंद पडत नाही.