भरली, खाली

चोवीस खणांची क्रेट.
भरली उतरवायची, खाली चढवायची.
परभणी, मानवत, पाथरी, सेलू. रूट नंबर चार.
अजून कुठं लग्नात ओळीनं बाटल्या दिसल्या
की माझी बोटं आपोआप त्यांच्या गळ्यात जातात,
एका पंजात चार.

मी कंपनीचा. लाल टेम्पो, छातीवर बिल्ला.
समोर कादरीशेठचा फवारा,
जिंतूर रोडवर पत्र्याखालचा कारखाना,
संत्र्याचा वास, कॉस्टिकचा हौद
आणि दिव्यापुढं बसलेली केवळाबाई.
धुतलेली बाटली तिच्यासमोरून सरकायची,
आत मुंगीचा पाय जरी राहिला
तरी ती उचलून बाजूला ठेवायची.
दिवसाला सहा हजार. चष्मा कारखान्याच्या खर्चानं.

आम्ही भाव उतरवला. फ्रिज दिला फुकट,
अट एकच, आत दुसऱ्याचं काही नको.
मानवतच्या बन्सी टाकनं फवारा बाहेर काढला,
ओल्या पोत्याखाली ठेवला.
गिऱ्हाईक पोतं उचलून तोच मागायचं.
“कामून? फ्रिजातलं गार घ्या की.”
“नको बा, ते नाकात चढत नाही.”

मग कुलथेसाहेब म्हणाले,
चव सोड. काच बघ.
त्याच्याकडं बाटल्या किती? तीस हजार.
साखर उधार मिळते, काच मिळत नाही.
फवाराची खाली तू उचलायची,
दुकानदाराला डिपॉझिटवर आठ आणे जास्तीचे.
बस.

एवढं सोपं होतं ते.
ना भांडण, ना शिवी.
बन्सीनंसुद्धा दिल्या, आठ आणे मोजून घेतले,
वर मला पान खाऊ घातलं.

सेलूत बंद जिनिंगचं गोदाम होतं,
सरकीचा वास अजून भिंतीत.
तिथं मी रचत गेलो त्याच्या बाटल्या,
आडव्या, पोटाला पोट लावून.
तळाशी घोट-अर्धा घोट राहिलेला.
मुंग्या आत जायच्या,
निम्म्या परत यायच्या.

ऐन मे महिना. एका दिवशी चार-चार लग्नं.
शेठचा पाक उकळून तयार, गॅसचे नळे भरलेले,
आणि केवळाबाई दिव्यापुढं बसून
नुसता दिवा बघत होती.
हे मला तिनंच सांगितलं, पुढं.

दिवाळीच्या आधी करार झाला.
जागा शेठची, यंत्रं शेठची, माणसं शेठची,
पेय आमचं.
बाटलीमागं त्यांना काही पैसे.
आता माझा टेम्पो त्यांच्याच फाटकात भरायचा.
खाली शेठ स्वतः मोजून घ्यायचे.
“तेवीस,” म्हणाले एकदा. “और ये?”
चोविसाव्या खणात फवारा.
गडबडीत माझ्याच हातून आलेली.
त्यांनी ती उन्हाकडं धरली,
एक डोळा मिटून आत बघितलं.
“कुठं भेटली रे?”
“रस्त्यात.”
“अच्छा,” म्हणाले. “रस्त्यात बरीच असतील.”
आणि चहा मागवला. दोन.
तो चहा मी प्यालो.
कसा होता, आठवत नाही.

पुढं प्लॅस्टिक आलं, खालीचा हिशोबच मिटला.
कंपनीनं लांब कुठंतरी स्वतःचा मोठा कारखाना टाकला,
करार वाढवला नाही.
जिंतूर रोडच्या पत्र्याखाली आता
गाड्या धुऊन मिळतात, हौद तोच.
गोदामातली काच भंगारात गेली, किलोवर,
अठ्ठेचाळीस क्विंटल. काट्यावर मी उभा होतो.

एक माझ्याकडं राहिली.
बायको तिच्यात फिनेल ठेवते, मोरीत.
रात्री लाईट गेली की चाचपडताना
हात नेमका तिच्यावरच पडतो.
काचेतून वर आलेली अक्षरं अंगठ्याला लागतात:
ही बाटली फवारा बॉटलिंग, परभणी यांची मालमत्ता.
विकू नये. परत करावी.